बापू जेवेनासे झाले तेव्हा

वडिलांना आम्ही बापू म्हणतो. वय पंच्याहत्तरच्या पुढे. किती पुढे, ते त्यांनाही नीट सांगता येत नाही. हदगाव तालुक्यात आमचं गाव आहे. तिथं ते माझ्या थोरल्या भावाजवळ, म्हणजे अण्णाजवळ राहतात. मी लातूरला शाळेत शिकवते, वीस वर्षांहून जास्त झाली. आई गेल्यापासून बापूंचं सगळं वहिनीच बघते. ती ते नीट बघते की नाही, हा प्रश्न मला सहा वर्षांत कधी पडला नव्हता. गेल्या हिवाळ्यात पडला, आणि एकदा पडल्यावर त्यानं मला फार लांब नेलं.

बापूंना खाताना बघणं हे आमच्या घरात एक कौतुक होतं. ज्वारीच्या तीन भाकरी, कालवणात कुसकरून, सोबत मुठीनं फोडलेला कांदा. तोंडात कवळी असूनही भाजलेल्या शेंगा खायचे. मिशीला पाणी लावून पीळ देणार, धोतराला नीळ आणि कडक इस्त्री. गावात कुणाच्या भावाभावांत बिनसलं की बापूंना बोलावणं यायचं. असा माणूस सोयाबीनच्या काढणीत तापानं पडला. दोन दिवस हदगावला औषध घेतलं, खोकला वाढला, धाप लागली, तेव्हा अण्णानं नांदेडला आणलं. न्यूमोनिया निघाला. अकरा दिवस दवाखान्यात होते, त्यातले चार दिवस ऑक्सिजनवर. मी रजा टाकून दिवसभर बसायची, अण्णा रात्री यायचा.

घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "आता काही पथ्य नाही. आवडेल ते खाऊ द्या. अशक्तपणा आहे, जाईल हळूहळू." तोंडात ओढायचा एक पंप दिला, गोळ्या दिल्या, जाड फाइल दिली. ती फाइल मी पिशवीत घातली, मग अण्णाच्या हातात दिली आणि लातूरच्या बसमध्ये बसले. वाटलं, संपलं एकदाचं.

त्यानंतर रोज शाळा सुटली की फोन.

"बापू जेवले का?"

"हाव ताई, जेवले," वहिनी म्हणायची.

"द्या त्यांच्याकडं."

"जेवलो की," बापू म्हणायचे. आवाज जरा बोबडा यायचा. आजारातून उठलेला माणूस, मी म्हटलं, असंच असणार.

भाऊबीजेला एक दिवस जाऊन आले. बापू खंगलेले दिसले, पण सणाची धांदल होती, पाहुणे होते. वहिनीनं त्यांचं ताट आतल्या खोलीत नेऊन दिलं आणि दार ओढून घेतलं. मी विचारलं तर म्हणाली, "मामा आतच जेवतेत आजकाल." सासऱ्यांना ती मामा म्हणते. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही.

मग महिन्याभरानं गावातून आमच्या चुलत आत्याचा फोन आला. ती कधी फोन करत नाही. म्हणाली, "बाई, तुझा बाप वाळून चाललाय. कुणी ताटात वाढतं का न्हाई, का नुसतं फोनवरच वाढतेत?"

फोन ठेवला आणि ते आतल्या खोलीचं ओढलेलं दार माझ्या डोळ्यांपुढं उभं राहिलं. आत का? सगळ्यांच्या पंगतीत का नाही? काय वाढतात ते कुणाला दिसू नये म्हणून? मग एकेक आठवायला लागलं. मागं एकदा आईच्या पातेल्यांवरून वहिनी कशी बोलली होती ते. आम्ही आलो की तिचा चेहरा कसा होतो ते. सहा वर्षांत जे जे मी हसून सोडून दिलं होतं, ते सगळं एका दुपारीत परत आलं आणि प्रत्येकाला नवा अर्थ लागला.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली. चाकूर, अहमदपूर, लोहा करत नांदेड, तिथून अर्धापूरवरून हदगाव. बसमध्ये पूर्ण वेळ मी वहिनीशी मनातल्या मनात भांडत होते. घरी पोचले तेव्हा दुपार झाली होती. मी येणार हे मुद्दामच कळवलं नव्हतं.

बापू ओसरीत बाजेवर पडले होते. सदऱ्याच्या गळ्यात दोन माणसांच्या माना मावतील एवढी जागा झाली होती. गाल आत गेलेले. मी पायाशी बसले तर त्यांनी डोळे उघडले.

"कवा आलीस?"

"आत्ताच. बापू, काय हे?"

"काय न्हाई. वय झालं."

तेवढ्यात वहिनी आतून वाटी घेऊन आली. मला बघून थबकली. "ताई! कळवलं बी न्हाई." वाटीत काहीतरी पातळ, पांढरट होतं.

"हे काय आहे?"

"आंबील हाय. पातळच मागतेत."

"आणि भाकरी?"

"न्हाई खात."

"विचारलं का?"

"रोज विचारते, ताई."

ती हे अगदी साधेपणानं म्हणाली. मला मात्र त्यात उर्मटपणा ऐकू आला. मी उठले, स्वयंपाकघरात गेले, स्वतः भाकरी आमटीत कुसकरली, वर तूप घातलं आणि बापूंपुढं ठेवली. त्यांनी एक घास घेतला. तो तोंडात या गालातून त्या गालात फिरवत राहिले, डोळे मिटले, आणि पाण्याबरोबर गिळला. दुसरा घास घेतलाच नाही. ताट सरकवलं.

"कसं लागलं?"

"मातीवानी."

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती काहीच बोलली नाही. निर्दोष माणूस असा गप्प राहील का, असं मला वाटलं. आज वाटतं, तिनं बोलायचं तरी काय होतं?

मी आधी अण्णाबरोबर ताकदीच्या पावडरीचे दोन डबे पाठवले होते, दुधात घालून द्यायचे. ते मी शोधले. एक डबा संपलेला, दुसरा निम्मा. बरं वाटलं. बापूंना म्हटलं, "पावडर पिता ना दुधातून?"

"कसली पावडर? म्या न्हाई पेलो कधी."

"एकदाही नाही?"

"वासच नको त्याचा. पयल्याच दिवशी म्हनलं, मला देऊ नका."

मग दीड डबा गेला कुठं? भाचा पुण्याला शिकायला, घरात बापूंशिवाय ही दोघंच. अण्णा दूधसुद्धा पीत नाही. आणि मला आठवलं, वहिनीची आई भोकरला आजारी आहे. झालं, माझ्यापुरता निकाल लागला. माझ्या बापाच्या नावानं मी पाठवते आणि ते जातं भोकरला. पुरावा हवा म्हणून मी डबा खिडकीच्या उजेडात धरला, आतल्या पावडरीची उंची बघितली आणि बाहेरून डब्याच्या कागदावर पेनानं बारीक रेघ मारली. शाळेत मुलं रंगाच्या बाटल्या चोरतात तेव्हा मी हेच करते.

दुसऱ्या दिवशी दुपारी बघितलं. पावडर रेघेच्या खाली गेली होती. आदल्या दिवसापासून भोकरला कुणी गेलं नव्हतं, कुणी आलंही नव्हतं. तरी माझ्या मनानं हार मानली नाही. तीच खात असेल, असं ठरवलं.

त्याच दुपारी वहिनी कपडे वाळत घालायला मागं गेली असताना बापूंनी मला खुणेनं जवळ बोलावलं. दाराकडं बघितलं. मग हळू आवाजात म्हणाले, "एक सांगतो. कुणाला बोलू नको. ती माझ्या खान्यात काहीतरी टाकून राहिली."

"कोण?"

"कोण काय? हीच. म्या डोळ्यानं पाहिलं. पांढरी पूड टाकती. आंबिलीला वास मारतो कसलातरी."

रेघ मारलेला डबा आत फडताळात होता, पांढरी पूड म्हणजे काय ते कुणालाही कळलं असतं. मला कळलं नाही. माझ्या डोक्यात आली झोपेची गोळी. बापू दिवसभर पडून असायचे, म्हातारा गप्प पडून राहावा म्हणून ही गोळी कुटून घालते, असं मी धरून चालले. वहिनीसारख्या बाईनं असं का करावं, हा साधा प्रश्नसुद्धा मी स्वतःला विचारला नाही.

अण्णा शेतातल्या आखाड्यावरून आला तेव्हा मी त्याला अंगणातच गाठलं.

"मी बापूंना लातूरला नेते."

"ने की. पर अचानक कामून?"

"तिथं चांगले डॉक्टर आहेत."

त्यानं माझ्याकडं नीट बघितलं. "हिनं काही केलं का?"

"मी कुठं काय म्हणाले?"

"म्हनली न्हाईस," अण्णा म्हणाला आणि हातपाय धुवायला निघून गेला.

बापूंची पिशवी वहिनीनंच भरली. गोळ्या, पंप, फाइल, लोकरी टोपी, दोन धोतरं. वर तो निम्मा डबाही ठेवला. मग माझ्याजवळ येऊन म्हणाली, "ताई, एक सांगू का? हा डबा…"

"मला माहितीय सगळं," मी म्हणाले.

तिनं पिशवीची चेन लावली.

लातूरला पहिला दिवस माझा होता. मी मेथीची मऊ भाजी केली, मुगाचं वरण, दह्यातली कोशिंबीर. बापूंनी अर्धी भाकरी खाल्ली. मी लगेच अण्णाला फोन लावला आणि मुद्दाम मोठ्यानं म्हणाले, "इथं जेवले बघ!" पलीकडं वहिनी असणार, तिला ऐकू जावं म्हणून.

दुसऱ्या दिवशी पाव भाकरी. तिसऱ्या दिवशी दोन घास. चौथ्या दिवशी त्यांनी माझ्याही वरणाला "मातीवानी" म्हटलं. औषधाच्या दुकानातल्या काट्यावर उभं केलं तर चौपन्न किलो भरले. आजारापूर्वी अडुसष्ट होते.

इथल्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला. सगळं ठीक. म्हणाले, "आजारानंतर या वयात भूक मंदावते. एकदम ताट भरून वाढू नका, दिवसातून सहा वेळा थोडं थोडं द्या. बाबा, तोंडाला चव आहे ना?"

"हाय की," बापू ओठ फारसे न उघडता म्हणाले.

"गिळायला त्रास?"

"नाही हो, गिळतात," मीच उत्तर दिलं. बापूंनी मान डोलावली. टॉनिक घेऊन आम्ही घरी आलो.

त्यानंतर एक दिवस त्यांचं ताट चकाचक परत आलं. मला इतका आनंद झाला की नवऱ्याला कामावर फोन केला. दुसऱ्या दिवशीही ताट रिकामं. तिसऱ्या दिवशी झाडताना गॅलरीतल्या कुंडीभोवती मुंग्यांची रांग दिसली. गुलाबाच्या मुळाशी माती उकरून भाकरीचे तुकडे पुरलेले होते. पलंगामागं पंच्याच्या गाठोड्यात भात.

आता माझा संशय बापूंवर आला. दाराच्या फटीतून मी त्यांच्यावर नजर ठेवायला लागले. ते घास तोंडात घालायचे, फिरवायचे, मग इकडंतिकडं बघून हळूच पंच्यात काढायचे. पोटच्या लेकीनं असं दाराआडून बापाकडं बघावं आणि बापानं चोरासारखं घास लपवावेत! एकदा मला राहवलं नाही. आत गेले.

"बापू, तुम्ही नाटक करून राहिलात का?"

ते दचकले. पंचा मुठीत आवळला. "मला माझ्या घरी सोड."

"तिथं तरी कुठं जेवत होता?"

ते भिंतीकडं तोंड करून पडले. मी ओट्याशी येऊन रडले. मला वाटलं, यांनी ठरवूनच अन्न सोडलंय. आईमागं जगायचं नाही असं मनात घेतलंय आणि आम्हाला फसवतायत. नवरा म्हणाला, "करमत नसेल त्यांना इथं." मी त्याच्यावरही ओरडले.

मग मी वहिनीनं दिलेला डबा उघडला. बापू पावडर घेणार नाहीत हे माहीत होतं, म्हणून न सांगता रव्याच्या पातळ खिरीत दोन चमचे ढवळले. त्यांनी अर्धी वाटी घेतली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तेवढंच पोटात जातंय, असं मनाला समजावत होते.

चौथ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात खीर ढवळत होते. बापू बाहेरच्या खोलीत माझ्या नवऱ्याजवळ बसले होते. त्यांचा दबका आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

"पाव्हनं, एक सांगतो. कुणाला बोलू नका. ही माझ्या खान्यात काहीतरी टाकून राहिली. पांढरी पूड."

चमचा माझ्या हातात होता. त्यावर पूड तशीच होती. मी गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून उभी राहिले. वहिनीचं अर्धवट राहिलेलं "हा डबा…" मला तेव्हा ऐकू आलं. तीही माझ्यासारखीच रोज दोन चमचे आंबिलीत ढवळत होती, न सांगता, माझा बाप जगावा म्हणून. रेघेखाली गेलेली पावडर बापूंच्याच पोटात गेली होती. मी तिला फोन करायला हवा होता. फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. काय म्हणणार होते?

खरी गोष्ट कळली ती पुढच्या रविवारी, आणि तीही माझ्या हुशारीनं नव्हे. मी कपड्यांची बादली घेऊन निघाले होते. न्हाणीघराचं दार नीट लागलं नव्हतं, आत बेसिनचा नळ वाहत होता. आरशात मला एक अनोळखी म्हातारा दिसला. ओठ आत ओढलेले, हनुवटी नाकाशी आलेली, मिशी पार खाली पडलेली. त्याच्या हातात कवळी होती, ती तो नळाखाली धरत होता आणि पाणी गुलाबी होऊन खाली जात होतं. त्यानं तोंडात पाणी घेऊन चूळ भरली, कळवळला, जीभ बाहेर काढली. जिभेवर, गालाच्या आत, दही सांडून वाळावं तसे पांढरे थर होते.

बापूंना आरशात मी दिसले. त्यांनी झटकन तोंडावर हात घेतला.

"जा तिकडं!"

लहानपणीसुद्धा ते माझ्यावर असे कधी ओरडले नव्हते. मी बादली तिथंच ठेवून निघून आले.

ते बाहेर आले तेव्हा कवळी बसवलेली होती. मिशीला पाणी लावलेलं. पलंगावर बसून पायाकडं बघत राहिले. मी खाली जमिनीवर बसले.

"बापू, दुखतं का?"

त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

"किती दिवसांपासून?"

"दवाखान्यातून आलो तवापसून," ते शेवटी म्हणाले. "जीभ भाजल्यावानी होती. आंबट बी लागतं, तिखट बी लागतं, मीठ बी. कशाचीच चव न्हाई, नुसती आग. आन् ही कवळी ढिली झाली, टोचती. रगत येतं."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? सुनंपुढं तोंड वासू? का तुझ्यापुढं वासू? तुझ्या मायनं बी मला बिनदाताचा पाहिला न्हाई कधी."

"निदान कवळी काढून जेवायचं."

"कुणाच्या समोर?" ते म्हणाले. "म्हून तर तिला म्हनलं होतं, मला आत वाढत जा, दार ओढून घे. पर कवळी काढायची म्हनलं की वाटायचं, आलं आता कुणी."

आतली खोली, ओढलेलं दार. ते वहिनीनं नाही, बापूंनी मागून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी दातांच्या डॉक्टरांकडं गेलो. वयस्क गृहस्थ होते. ते म्हणाले, "बाबा, कवळी काढा, तोंड उघडा." बापूंनी माझ्याकडं बघितलं. मी न बोलता बाहेर जाऊन बसले. दहा मिनिटांनी मला आत बोलावलं, तोवर कवळी जागेवर होती.

"तोंडात बुरशी धरलीय," डॉक्टर म्हणाले. "मोठ्या औषधांनंतर होतं असं, शिवाय तो पंप. पंप ओढला की दर वेळी चूळ भरायची असते. वजन उतरलं, त्यामुळं हिरडी आक्रसली आणि कवळी सैल झाली. खाली दोन ठिकाणी जखमा आहेत. यांना भूक नाही असं कोण म्हणालं तुम्हाला?"

"आम्हीच," मी म्हणाले.

"भूक मंदावली असेल थोडी. पण मुख्य म्हणजे यांना खाताच येत नव्हतं."

थेंब दिले, दिवसातून चार वेळा तोंडात धरायला. पंधरा दिवस कवळी अजिबात घालायची नाही. नंतरही झोपताना काढून पाण्यात ठेवायची. एवढंच. घरी येऊन मी नांदेडची फाइल काढली. तिसऱ्या पानावर तळाशी इंग्रजीत एक ओळ होती: पंप वापरल्यावर तोंड धुवावे. ती फाइल सगळ्यात आधी माझ्याच पिशवीत होती. मी मुलांच्या वह्यांतली एकेक ओळ तपासणारी बाई, ही ओळ मी वाचली नव्हती. आणि मी वाचली नाही म्हणून अण्णा-वहिनींना ती कुणी सांगितली नव्हती.

पाचव्या-सहाव्या दिवशी जिभेची आग कमी झाली. मी मऊ भात, पातळ पिठलं, गव्हाची खीर असं करून ताट त्यांच्या खोलीत ठेवायची आणि दार लावून निघून यायची. फटीतून बघणं बंद केलं. ते सोपं नव्हतं. पहिले दोन दिवस पाय आपोआप दाराकडं वळायचे. कुंडीतल्या मुंग्या हळूहळू गेल्या. एका दुपारी आतून हाक आली, "अजून वाढ गं थोडं." मी पातेलं घेऊन गेले तर बापूंनी खालमानेनं, पंचा ओठांवर धरून, दुसऱ्या हातानं ताट पुढं केलं.

त्या संध्याकाळी मी वहिनीला फोन केला.

"वहिनी, बापूंच्या तोंडात बुरशी झाली होती. कवळीनं जखमा झाल्या होत्या. म्हणून खात नव्हते."

ती म्हणाली, "मला वाटलंच व्हतं काहीतरी दुखतंय. घास नुसता फिरवायचे तोंडात. म्या एकदा म्हनलं बी, मामा, तोंड दाखवा. तर अंगावर आले. पुन्हा न्हाई विचारलं."

"हं."

"ताई, ती पावडर मी आंबिलीत टाकत होते. त्या दिवशी तेच सांगनार होते तुम्हाला."

"कळलं मला. मीही तेच केलं इथं."

तिकडं भांडं ठेवल्याचा आवाज आला.

"डब्यावर पेनाची रेघ तुम्हीच मारली होती ना?"

नाही म्हणता आलं असतं. मी म्हणाले, "हो."

"वाटलंच," वहिनी म्हणाली. "ठेवते. दूध उतू जाईल."

संक्रांतीनंतर मी बापूंना गावी सोडायला गेले. दोन-अडीच किलो वजन भरलं होतं. तीन भाकरींचा माणूस आता एका भाकरीवर आला होता आणि तिथंच थांबला. अजूनही तेवढाच आहे. येताना नांदेडला नवी कवळी करायला टाकली होती, ती मिळायला वेळ होता. पहिल्याच दिवशी जेवायला बसताना बापू नेहमीसारखे आतल्या खोलीकडं निघाले. मग ओसरीत थांबले, थोडा वेळ उभे राहिले, आणि तिथंच पाट ओढून बसले. वहिनीनं दुधात कुसकरलेली भाकरी पुढं ठेवली. ती त्यांच्याकडं न बघता चुलीकडं गेली आणि पाठ करून बसली. बापू बोळक्या तोंडानं सावकाश जेवले.

मी भांडी विसळायच्या निमित्तानं वहिनीजवळ गेले. "माझं चुकलं," म्हणाले. पुढं आणखी बोलायचं ठरवलं होतं, ते काही सुचलं नाही.

ती तवा घासत राहिली. मग म्हणाली, "तुमचा बाप हाय, ताई. माझी माय भोकरला पडून हाय. मामांच्या पायी मी दोन महिन्यांत एकदाच जाऊन आले. तिथं माझी भावजय करती तिचं. खरं सांगू? फोन ठेवला की मला बी तिचा संशय येतो. वाढती का न्हाई, काय वाढती." तिनं तवा पालथा घातला. "पर म्या रेघ न्हाई मारली."

ती हसली नाही. मीही नाही.

आता रोज दुपारी माझ्या फोनवर एक फोटो येतो. बापूंचं ताट, वाढलेलं. अर्ध्या तासानं दुसरा, त्याच ताटाचा, जेवून झाल्यावरचा. वहिनी सोबत काहीच लिहीत नाही. मी मागितलं नव्हतं. मला निर्धास्त वाटावं म्हणून ती पाठवते, की मला उत्तर म्हणून पाठवते, ते मला कळत नाही. मी "बरं" एवढंच लिहिते. नका पाठवत जाऊ, असं तिला सांगायला हवं. रोज मधल्या सुट्टीत ठरवते. परवा दुसऱ्या फोटोत वरणाची वाटी दिसत नव्हती, तर मी तो बोटांनी मोठा करून दोनदा बघितला.